स्टुलाचा चौथा पाय

मशीनच्या फिरत्या चकाच्या कडेवर पेन्सिलने ओढलेली रेघ पूर्ण वळसा घेऊन वर आली आणि बाजूच्या खुणेसमोर थांबली. म्हाताऱ्याने चष्मा कपाळावर सारला, नाक जवळजवळ लोखंडाला टेकवलं आणि नीट पाहिलं. केसभरही फरक नव्हता. तरी खात्री पटेना, म्हणून त्याने मशीनला तीच आज्ञा पुन्हा दिली. रेघ पुन्हा फिरली आणि पुन्हा जागेवर आली.

"आली की गं," तो म्हणाला.

बोलून झाल्यावर त्याला आठवलं, घरात कोणी नाही. त्याने उगाच खाकरून घेतलं आणि कामाला लागला.

मशीन मुळात मुलाचं. लाकडावर नक्षी कोरणारं, संगणकाच्या आज्ञेवर चालणारं टेबलाएवढं सीएनसी मशीन त्याने नोकरीच्या पहिल्या दिवसांत हौसेने उभं केलं होतं. मग बदली झाली, लांब जावं लागलं, आणि मशीन मागच्या खोलीत चादरीखाली राहून गेलं. कोरायचं टूल डावीकडे-उजवीकडे, पुढेमागे आणि वरखाली जायचं, त्यामुळे सपाट फळीवर वाटेल ते कोरता यायचं. पण गोल वस्तू त्याच्या आवाक्यात नव्हती. त्यासाठी रोटरी लागते. एका टोकाला मोटरवर फिरणारा, लाकूड तीन जबड्यांत पकडणारा चक, दुसऱ्या टोकाला टोकदार टेकू, आणि मधे लाकूड स्वतःभोवती फिरत राहतं.

गोल वस्तू एकच करायची होती. बायकोच्या स्टुलाचा पाय. चारही पायांवर पिळाची नक्षी होती, त्यातला एक ती असतानाच मोडला होता. "बघतो," असं म्हणत त्याने त्या कोपऱ्याखाली वीट सरकवली. बघायचं राहिलं आणि ती गेली. वीट तिथेच होती. त्या स्टुलावर बसलं की ते एका अंगाला कलायचं, म्हणून मग कोणी बसतच नव्हतं.

तिथे बसून ती दर रविवारी मुलाशी फोनवर बोलायची. बापलेकांचा एकमेकांशी व्यवहार तिच्याच मार्फत चालायचा. "बाबा विचारतायत, थंडी आहे का," ती फोनमध्ये सांगायची, आणि मान वळवून, "आहे म्हणतोय." ती गेल्यावर दोघांची पंचाईत झाली. मुलगा रविवारी न चुकता व्हिडिओ लावायचा. जेवलात का, हो. गोळ्या घेतल्या का, हो. मग दोघंही पडद्याच्या कोपऱ्यातल्या आपापल्या चेहऱ्याकडे बघत बसायचे, आणि "बरं मग" म्हणून मुलगा दोघांची सुटका करायचा.

असंच एकदा गप्प बसणं असह्य होऊन म्हाताऱ्याने विचारलं होतं, "त्या तुझ्या मशीनवर गोल काही कोरता येतं का रे?"

त्या दिवशी चहा गार झाला तरी फोन चालूच राहिला. पुढचे कितीतरी रविवार नुसतं रोटरी कुठली घ्यायची यातच गेले. पट्ट्यावर चालणारी की बंद डब्यातल्या गिअरची? म्हाताऱ्याला भला थोरला चक आवडला होता. मुलगा म्हणाला, "बाबा, तो बसवल्यावर वरच्या टूलला जागा किती उरते ते मोजा आधी." मोजलं तर टूल बोटभरही वर जाईना. "हत्ती आणाल आणि दार राहील ठेंगणं," मुलगा म्हणाला आणि हसला. त्याला हसताना बघून म्हाताऱ्याला एकदम वाटलं, हनुवटी अगदी हिच्यावर गेली आहे. इतक्या वर्षांत हे कधी दिसलंच नव्हतं.

शेवटी लहान चकाची, पट्ट्याची रोटरी आली. ती बसवण्यातही रविवार गेले. टेकू चकाच्या सरळ रेषेत येईना, ते जमलं तर फेरा पुरा होईना. रेघ दर वेळी खुणेच्या थोडी अलीकडेच थांबायची. मागच्या रविवारी मुलाने पट्टा ज्यांवरून फिरतो त्या दोन्ही दातेरी पुल्यांचे दात मोजायला लावले, त्याचा हिशेब मशीनला सांगितला, तरी तेच.

आज दुपारी म्हाताऱ्याने लहान पुली पुन्हा मोजायला घेतली आणि पहिल्या दातावर पेनाने ठिपका दिला. ठिपका फिरून समोर आला तेव्हा त्याने कपाळावर हात मारला. मागच्या वेळी पहिला दात शेवटी पुन्हा मोजला होता. आयुष्यभर लिफ्टची दुरुस्ती केलेला माणूस, आणि दात मोजता येऊ नयेत! आकडा सुधारला आणि रेघ जागेवर आली.

संध्याकाळ व्हायच्या आत पाय कोरून झाला. पीळ वरून खालपर्यंत कुठेही न तुटता उतरला होता. त्याने तो घासला, सरस लावून बसवला, वीट काढून दाराबाहेरच्या कुंडीखाली सरकवली. रविवारी सकाळी सरस वाळल्यावर स्टूल चारही बाजूंनी दाबून पाहिलं. हललं नाही. त्याला इतका आनंद झाला की तो आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेला. तिथून परत आला.

आता मुलाला सांगायचं. मुलगा म्हणेल, वा बाबा. मग?

मग जेवलात का. गोळ्या घेतल्या का.

तो मशीनपाशी गेला. मग त्याने खणातून ॲलन की काढली, मोटरच्या दांड्यावरच्या लहान पुलीचा स्क्रू शोधला आणि सैल केला. लोकांचा जीव ज्याच्यावर टांगलेला असतो असे स्क्रू त्याने जन्मभर आवळले होते. जाणूनबुजून सैल केलेला हा पहिलाच. जमिनीवरचा भुसा झाडून त्याने केरात टाकला.

फोन नेहमीच्या वेळी आला.

"काय म्हणतेय रोटरी?"

"काय म्हणणार? रुसून बसलीय," म्हातारा म्हणाला. "बघ तूच."

त्याने फोन मशीनसमोर धरला आणि फेरा दिला. रेघ निघाली, अडखळली, भलतीकडेच थांबली. पुन्हा दिला, आणखी तिसरीकडे थांबली.

मुलगा पुढे वाकला. "मागच्या वेळी दर फेऱ्याला सारखीच चुकत होती ना?"

"असेल."

"सारखीच चुकत होती, बाबा. आज वाटेल तिथे थांबतेय. हा आजार वेगळा आहे."

"वय झालं तिचं," म्हातारा म्हणाला. स्वतःलाच तो विनोद फारसा आवडला नाही.

"उजेड कमी पडतोय. फोन जरा फिरवा. तिकडे, खिडकीकडे... थांबा."

म्हातारा थांबला. हात लांब करून फोन धरल्यामुळे त्याला पडदा नीट दिसत नव्हता. पलीकडून आवाज येईना.

"ऐकू येतंय का?"

"येतंय," मुलगा म्हणाला. "बाबा, कधीपासून उभे आहात. बसा ना."

"असू दे."

"नाही, बसा. ते स्टूल आहे ना मागे, त्याच्यावर बसा."

गुडघे खरंच दुखत होते. म्हाताऱ्याने पायानेच स्टूल पुढे ओढलं आणि टेकला. फोन चेहऱ्यासमोर धरला. स्टूल कुठेही कललं नाही. मोकळ्या हाताची बोटं सवयीने खाली गेली, विटेचा कोपरा चाचपायला, आणि नव्या पायाच्या पिळावर थांबली.

त्याने मान वर केली नाही. कान तापले. हे झाकायचं राहूनच गेलं होतं.

मुलगा पडद्यातून त्याच्याकडे बघत होता. त्याने हाताच्या मागच्या बाजूने नाक पुसलं, कुठलीतरी खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि तोही नीट ठाण मांडून बसला.

"घाई नको करायला," मुलगा म्हणाला. "आधी पट्टा तपासू. मग मोटर. मग ते टेकूचं राहिलंच आहे. आजच्या आज काही होत नाही हे."

"नाही ना?"

"छे! स्क्रूपर्यंत पोचायलाच वेळ लागेल." त्याने फोन समोर टेकवून ठेवला. "हं, सांगा. अगदी पहिल्यापासून सांगा."