मापात बसवलेलं जाकीट

सकाळपासून मास्तरांचं डोकं चक्रावलं होतं. चाळीस वर्षं शिवणकाम केल्यावर त्यांनी हौसेनं मोटरबोट घेतली होती, आणि आज तिच्या परवान्याची तपासणी होती. परवाना अडला की नातीची, चिमीची, रविवारची फेरी बंद. म्हणून इंजिन चकाचक पुसून, विम्याचे कागद काखोटीला मारून ते धक्क्यावर हजर होते. पण तपासनीस बाई इंजिनाकडे ढुंकूनही बघेनात.

"बोट चालवतं कोण?"

"हा जावई. मला कुठलं जमतंय?"

"अपघात झाला तर जबाबदार कोण?"

"चालवणारा. दुसरं कोण?"

"तो आहेच. पण मालक म्हणून तुम्हीही. बोट कोणाच्या हाती दिलीत, किती माणसं बसवलीत, जीवरक्षक जाकिटं धड आहेत का, सगळं तुम्हीच बघायचं."

मास्तरांनी जावयाकडे पाहिलं. जावई इंजिनाकडे बघत राहिला. हातात सुकाणू नाही आणि गळ्यात फास मात्र आपल्या, हा कुठला न्याय, त्यांना कळेना. तरी जाकिटं म्हटल्यावर त्यांची कळी खुलली. तो तर त्यांचा प्रांत.

त्यांनी चिमीचं केशरी जाकीट पुढे केलं. "दुकानातलं नुसतं ढगळ होतं हो. पोरीच्या हनुवटीला टोचायचं. मी बाजू आत घेतल्या, आतले ते कडक ठोकळे काढले आणि मऊ कापूस भरला. आता कसं अंगासरसं बसतं."

बाईंनी जाकीट दाबून पाहिलं. "हे पाण्यात टाकून बघितलंत?"

"कोरं जाकीट उगाच कोण भिजवतं?"

बाईंनी ते पाण्यात सोडलं. जाकीट तरंगलं. मास्तर हसले. एवढंच होतं तर मघापासून ही उलटतपासणी कशाला?

मग केशरी रंग हळूहळू गडद झाला. एक खांदा कलला. बघता बघता जाकीट पाण्याखाली गेलं.

मास्तर वाकून बघत राहिले. शिवण कुठं उसवली नव्हती, माप चुकलं नव्हतं. मग बुडलं कसं?

"बाबा," जावई म्हणाला, "परवा चिमी हेच घालून बोटीच्या काठावरून ओणवी होऊन पाण्यात हात घालत होती."

मास्तरांना ते आठवलं. तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

जावयानं आकड्यानं जाकीट वर ओढलं. ते ओल्या गोधडीसारखं जड झालं होतं. बाईंनी अर्जावर नकाराचा शेरा मारून सहीसाठी पुढे केला. मास्तरांचं तिकडे लक्षच नव्हतं. खिशातली छोटी कात्री काढून ते तिथंच खाली बसले आणि जाकीट उसवायला लागले. टाके त्यांनी इतके पक्के घातले होते की एकही लवकर निघेना.