खिडकीचा रंग

मोटरसायकल विकायची ठरली तेव्हापासून जिजींच्या घशाखाली घास उतरत नव्हता. गाडी जाणार याचं दुःख होतंच, पण ते दोघांचं होतं. नानांच्या गुडघ्यांनी हात टेकले होते, किक मारवत नव्हती, आणि उभ्या गाडीला गंज खातो हे नवराबायकोला सारखंच कळत होतं. जिजींना छळत होतं ते वेगळंच.

जुन्या गाड्यांचा एक व्यापारी येऊन गेला होता. विलायतेत बनलेली, पाचशे सीसीची, साठ वर्षांहून जुनी गाडी पाहून आधी त्याचे डोळे चमकले. मग पेट्रोलच्या टाकीवर हात फिरवून त्याने तोंड वाकडं केलं.

"काका, हा खिडकीचा रंग कोणी फासला हो? निम्मी किंमत गेली की तुमची!"

खिडकीचाच रंग होता तो. आणि फासला होता जिजींनी.

चाळीस वर्षं झाली त्याला. नाना तेव्हा टेलिफोनचे लाइनमन. खांबावरून पडून पाय मोडला आणि दीड महिना इस्पितळात काढला. ते घरी येताना गाडी नवीकोरी दिसावी म्हणून जिजींनी खिडक्या रंगवून उरलेला हिरवा ऑइलपेंट काढला आणि सोनेरी रेघांची काळी टाकी एका दुपारीत हिरवीगार करून टाकली. नाना कुबड्या टेकत आले, गाडीकडे बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "डोळ्यांना गार वाटतं." विषय संपला. त्या वयात जिजींना ते खरं वाटलं. पुढे शंका यायला लागली, तेव्हा विचारायचा धीर होईना.

आता आपण नवऱ्याच्या लाडक्या गाडीचं केवढं वाटोळं केलं, ते आकड्यात कळणार होतं.

व्यापाऱ्याचा भाव कितपत खरा ते ठरवायला नानांनी विम्याच्या कामातून निवृत्त झालेल्या एका सर्व्हेअरबाईंना बोलावलं. बाईंचे वडील गॅरेजवाले, त्यामुळे बालपण नटबोल्टांशी खेळण्यात गेलेलं. चहा नंतर, असं सांगून त्या थेट शेडमध्ये शिरल्या आणि फरशीवर बसकण मारली. इंजिनावरचा नंबर त्यांनी कागदांशी ताडून पाहिला. रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक मडगार्डांवरून सावकाश फिरवलं.

"सगळीकडे चिकटतंय. पुट्टी भरलेली नाही कुठे. छान ठेवलीय." मग त्यांची नजर वर गेली. "आणि हे काय?"

"मी रंगवलं," नाना म्हणाले.

जिजींनी चमकून पाहिलं.

"तुम्ही? फोनवर तर म्हणालात, पहिल्यापासून दर रविवारी गाडीला मेण चोळतो. असा माणूस, आणि ब्रशने ऑइलपेंट?"

"डोकं फिरलं होतं."

"नाही हो बाई," जिजींना राहवेना. "मी रंगवलं. यांनी जन्मात एक खिडकी रंगवली नाही, टाकी कसली रंगवताहेत!"

"मग तुम्हीच सांगा. आधी पॉलिशपेपरने घासलं होतंत?"

जिजींची मान खाली गेली. "कंटाळा केला. फडक्याने पुसलं नि लावला वरून."

"कंटाळा केलात?" बाई पुढे सरकल्या. "नक्की?"

पिशवीतून त्यांनी एक चपटी लाकडी काडी काढली आणि सीटजवळच्या कडेत हलकेच सारली. हिरवा पापुद्रा आधी नखाएवढा सुटला, मग तळहाताएवढा. खाली काळा रंग निघाला, ओला वाटावा असा, आणि त्यातून जाणारी सोनेरी रेघ, जराही न तुटलेली.

"हा कारखान्यात भट्टीत भाजलेला रंग. त्यावर यांचं मेण. तुमचा रंग त्याला धड चिकटलाच नाही! घासला असतात तर मूळ रंग कायमचा गेला असता. वर चाळीस वर्षांचं ऊन या हिरव्याने अंगावर घेतलं. जिजी, इतका कामाचा आळस मी पाहिला नाही."

जिजी स्टुलावर बसल्या. हसावं की रडावं ते कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं.

"पण एक कोडं आहे," बाई म्हणाल्या. "इतका सैल रंग केव्हाच गळून पडायचा. बसणाऱ्याचे गुडघे लागतात तिथे चार-पाच थर दिसताहेत. ते कोणी दिले?"

"मी एकदाच लावला होता," जिजी म्हणाल्या.

दोघींनी नानांकडे पाहिलं. नाना शेडच्या पत्र्यांची पाहणी करत होते.

"टवके उडायचे," शेवटी ते पुटपुटले. "हिला दिसले असते तर वाईट वाटलं असतं. मग भरायचो. डबा संपला की तसलाच दुसरा आणायचो. खाली काळा दिसायचा, पण आणखी खरवडून बघायची सोय नव्हती."

"चाळीस वर्षं? आणि मला पत्ता नाही?"

"तू माहेरी जायचीस ना."

बाईंनी घाईने वही उघडली आणि गरजेपेक्षा जास्त वेळ लिहीत राहिल्या. मग म्हणाल्या, "व्यापाऱ्याच्या आकड्याच्या अडीचपट, ही रास्त किंमत. टायर आणि वायरिंगचं कापलंय. हिरव्या रंगासाठी एक पैसाही कापलेला नाही. तो का-कू करायला लागला तर गिऱ्हाईक मी आणते."

नाना आकडा पुन्हा पुन्हा विचारत राहिले. जिजींनी तो एकदाच ऐकला. त्यांना पुरला.

"ती काडी जरा द्या बघू," त्या म्हणाल्या, आणि स्टूल गाडीजवळ ओढून खालच्या कडेपासून सुरुवात केली. मोठा पापुद्रा अखंड सुटला.

"हळू," नाना वाकून म्हणाले. "रेघेला धक्का लागेल."

"चाळीस वर्षं बोलला नाहीत," जिजी म्हणाल्या, "आता कशाला तोंड उघडताय? दिवा धरा इकडे."