मिठाने धरलेलं पाणी

बर्फाच्या कारखान्यात माझ्या नवऱ्याची जीभ प्रसिद्ध. तिथे यंत्राने गारठवलेल्या मिठाच्या पाण्याच्या टाकीत गोड्या पाण्याचे डबे सोडतात. डब्यांतल्याचा बर्फ होतो, टाकीतलं मात्र गोठत नाही. का, ते लग्न झाल्यापासून ऐकतेय. "मिठाचा एकेक कण पाण्याच्या कणांना भोवती गोळा करतो नि धरून बसतो. मग त्यांना एकमेकांना चिकटून बर्फ व्हायला सवड कुठली?" मीठ किती झालं ते बघायला काचेची नळी आहे, पण तिथल्या मेल्यांचा विश्वास ह्यांच्याच जिभेवर. बर्फाचा खडा टाकीत बुचकळायचा नि चोखून सांगायचं.

मग ह्यांचं हृदय थकलं. पावलं सुजून टम्म झाली. ह्यांचं टाकीपुराण ऐकून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता ती टाकी तुमच्या अंगात आहे. मीठ पाण्याला सोडत नाही. मीठ बंद, पाणीही बेतानंच." हे हसले. मला नाही बाई हसू आलं.

घरातलं मीठच मी काढून टाकलं. सोबत म्हणून मीही अळणीच गिळत होते. तरी सूज उतरेना. पोटरीत बोट दाबलं की खळगा तसाच. देवाशी भांडले, डॉक्टरीणबाईंना नावं ठेवली.

एकदा हे जेवणाचा डबा विसरले म्हणून मी कारखान्यात गेले, तर स्वारी टाकीच्या काठावर, गालात बर्फाचा खडा! वर मिस्त्री कौतुकाने सांगतोय, "वहिनी, दादांचं दिवसभर चालूच असतं. त्यांनी चाखल्याशिवाय आमचं पान हलत नाही."

"अहो, जीव द्यायचाय का?" मी तिथेच ओरडले.

"अगं, बर्फ आहे तो. पाणी कुठे प्यायलो? आणि मीठ काय, जिभेला लावण्यापुरतं."

खरंच वाटत होतं त्यांना तसं! जन्मभर लोकांना शिकवलं, नि स्वतःच्या बाबतीत ही अक्कल. संतापाने मला रडू कोसळलं.

त्या दिवसापासून मी ह्यांचं कारखान्यात जाणं बंद केलं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. आज डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. औषधं आता लागू पडत नाहीत. "त्यांना आवडेल ते खाऊ द्या," एवढंच म्हणाल्या.

येताना मिठाची पुडी आणली. भाजीत पूर्वीच्या अंदाजाने घातलं. ह्यांनी पहिला घास घेतला नि थांबले. त्या जिभेला मी काय फसवणार!

"बरोबर पडलंय," म्हणाले. मग हळूच, "म्हणजे संपलं का गं माझं?"

"जेवा गुपचूप," मी म्हटलं, नि पाण्याचा पेला काठोकाठ भरून त्यांच्यासमोर ठेवला.