पाण्याचं आमंत्रण

खारबावच्या अलीकडचं आमचं गाव. इथे बॅनर सगळे लावतात, वाचत कोणी नाही. आपला फोटो केवढा आलाय तेवढं बघायचं आणि पुढे जायचं. पंचायतीच्या सूचनांचंही तसंच, फक्त त्यांच्यावर फोटो नसतो.

हौसाच्या पोरीची, निशाची, हळद बुधवारी होती, लग्न गुरुवारी. सोमवारी हौसा पंचायतीत आली ती त्या दिवशी पाणी जरा जास्त वेळ सोडा, एवढं सांगायला. ग्रामसेविका सुकन्या मॅडम गावात नव्या. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"काकू, बुधवार-गुरुवार पाणी बंद आहे. मोठी लाइन जोडायचीय."

"कोनी सांगितला?"

"गावाच्या ग्रुपवर टाकलंय."

"त्या ग्रुपवर निस्ती फुलं येतान न् गोडाऊनचा भाडा. मी बघतच न्हाय."

"बाहेर फलकावरही लावलंय."

दोघी बाहेर आल्या. फलक दिसेना. त्याच्या जागी निशाच्या हळदीचा बॅनर ताणून बांधलेला, आणि त्यावर नवरीपेक्षा मोठे, गॉगल लावून हात जोडलेले सरपंच काळूराम. सूचना त्यांच्या पोटामागे कुठेतरी होती.

"आमचे पोरानी, भाविकनी लावला," हौसा म्हणाली. "भिंत बरी दिसली." मग तिला सुचलं. "पन मॅडम, तारीख एवढी ठळक छापलीय. रोज हिच्याखालनं जाता, तुमी वाचली न्हाय?"

मॅडमनी मान वर करून तारीख वाचली. हिशेब फिटला होता.

तेवढ्यात काळूराम आला. हा हौसाचा धाकटा दीर. पाणी बंदच्या कागदावर सही त्याची, आणि हळदीचं जेवणही त्यानेच ठरवलेलं. घरी तो दीर, पंचायतीत सरपंच. दोघांची गाठ सहसा पडत नाही. त्या दिवशी पडली.

"भावोजी, तुमाला दोन्ही ठावं व्हता."

"ठावं व्हता वहिनी, पन एकदम न्हाय."

"आता?"

"टँकर मागवतो ना."

"तो कुठून घालता? गल्लीभर मांडव हाय." हौसा पायरीवर बसली. "पावन्यांना हात धुवाया पानी न्हाय म्हंजे काय ते कलतं का? सासरची मानसा पोरीला जन्मभर सुनावतील."

तिचा आवाज बदलला तसं मॅडमनी ठेकेदाराला फोन लावला. बरीच ओढाताण झाली. शेवटी तो शुक्रवार-शनिवारवर आला, पण एका अटीवर: गावाला तुम्ही नीट कळवायचं. मागच्या वेळी त्याच्या माणसांना बायकांनी रिकाम्या हंड्यांनी घेरलं होतं.

"ग्रुपवर टाकतो," काळूराम म्हणाला.

दोघींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

आमच्यात पत्रिका छापतात ती कपाटावर ठेवायला. खरं बोलावणं म्हणजे बायकांनी दारात येऊन, कुंकू लावून, तोंडाने सांगितलेलं. ते नसेल तर सख्खा भाऊही पानावर बसत नाही. हौसाची ही फेरी त्याच दुपारी निघायची होती.

"चला मॅडम आमचे संगती," ती उठत म्हणाली. "तुमचा पन त्यातच सांगते."

मग दारोदार एकच बोलणं झालं: "बुधवारी हलदीला या, आनि शुक्रवार-शनवार पानी न्हाय, गुरवारी भरून ठेवा." प्रत्येक दारात मॅडमनाही कुंकू लागलं. आणि दारात उभं राहिलं की समोरचाही बोलतो. धोंडूबाईने तुंबलेलं गटार दाखवलं, सावळारामने बंद दिवा. कार्यालयाच्या तक्रारपेटीत आजवर चॉकलेटचे कागदच निघाले होते. गल्ली संपेस्तोवर मॅडमच्या कपाळावर कुंकवाला जागा नव्हती आणि आठ्यांनाही.

पाड्यावर बायडीने विचारलं, "पानी जायाचा पन आमंत्रन असतंय?"

"असतंय," हौसा म्हणाली. "आहेर नको आनू."

बुधवारी पाणी धो-धो आलं. सासरच्यांनी वालात मीठ कमी म्हणून नाक मुरडलं, पाण्याबद्दल अक्षर नाही. मॅडम गेल्या त्या पिवळ्या होऊनच परतल्या.

शुक्रवारी नळ कोरडे. सुकन्या मॅडम सकाळपासून दोनदा पंचायतीच्या दारात येऊन पाहून गेल्या. घेराव नाही, शिवी नाही. गाव भरल्या पिंपांवर झाकण ठेवून निवांत. अशा शांततेची सवय नसल्याने त्यांना उलट काळजी वाटायला लागली.

दुपारी एकच बाई आली, रिकामा हंडा घेऊन. डोळे सुजलेले, केसांत कालच्या अक्षता.

"काकू, तुम्ही?"

"पोरीला लावून दिली न् जी पडले ती आताच उठले," हौसा पुटपुटली. "हलदीची पातेली तशीच पडलीत. थेंब न्हाय घरात."

मागून धोंडूबाई येत होती, कमरेवर भरलेला हंडा. हौसाचं दार उघडं आणि पिंप पालथं बघून ती माग काढतच आली होती.

"काय गं हौसे, तुजे दारात कोनी सांगाया आला न्हाय?"

"आपलेच दारात आपुन कसा सांगायचा?"

धोंडूबाईने मॅडमच्या टेबलावरची कुंकवाची डबी उचलली. सोमवारच्या फेरीनंतर ती तिथेच राहिली होती. हौसाला कुंकू लावलं आणि बजावलं, "शनवारी पन पानी न्हाय. ध्यानात ठेव."

मग आपला हंडा तिच्या हंड्यात रिकामा केला.