समाचाराची चार वाक्यं

अच्युतराव डबीर बोलायला लागले की ऐकणाऱ्याचं भलं होतं, असं फिजीतल्या लौटोका गावात शंभर तरी माणसं शपथेवर सांगतील. इथं जबलपुरात मात्र नर्मदेच्या ग्वारीघाटावर निघायच्या आधी त्यांच्या बायकोनं, शरयूबाईंनी, त्यांना दारातच अडवलं.

"आज तोंड उघडायचं नाही जी. भटजी सांगतील तेवढे मंत्र म्हणा. समिधाशी एक शब्द नाही."

"काहून?"

"काहून ते तुम्हाला ठाऊक आहे."

अच्युतरावांनी मान खाली घातली. त्यांच्या एकुलत्या एका मुलाचं, अनिमेषचं, आज वर्षश्राद्ध होतं. समिधा म्हणजे त्याची बायको.

सात वर्षांपूर्वी अच्युतराव फॅक्टरीतून अन् शरयूबाई शाळेतून रिटायर झाल्या. घरी बसून करायचं काय? एका सेवा मिशनला परदेशातल्या देवळासाठी हिंदी बोलणारं, पूजापाठ जाणणारं वयस्क जोडपं हवं होतं. जबलपूरच्या मराठी माणसाला हिंदी काय शिकवावी लागते? अच्युतरावांनी लगेच अर्ज टाकला. "तीन वर्षं, बस्स," म्हणाले. तीनाची सात झाली. तिथं ते गुरुजी होते, लोक वाकून पाया पडत. इथं कोण पडतं बापा, रिटायर्ड चार्जमनच्या पाया!

तिकडचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. देऊळ धुवायचं, जास्वंदीची फुलं तोडायची, आरती, मग म्हाताऱ्याकोताऱ्यांचं दुखणंखुपणं बघायचं, संध्याकाळी पोरांना चौपाई शिकवायची. अन् कुणाकडं मयत झालं की पिकअपमध्ये बसून दोघांनी समाचाराला जायचं. अच्युतराव पुरुषांत बसत, शरयूबाई बायकांत. थोड्या वेळानं अच्युतराव घशात खाकरत अन् विधवेकडं वळून त्यांची ठरलेली चार वाक्यं बोलत. "देखो बेटी, जो गया वह अपना समय पूरा करके गया. दीया बुझता नहीं, दूसरे आँगन में चला जाता है. रोओगी तो उसका रास्ता गीला होगा. अब तुम्हें सबको सँभालना है." बाई डोळे पुसायची, हात जोडायची. शरयूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत मान डोलवायच्या. सात वर्षांत हे किती वेळा झालं असेल, देव जाणे.

मागच्या वर्षी रिछाईच्या कारखान्यात काम करता करता अनिमेष कोसळला. बेचाळीस वर्षांचा पोरगा! दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला. फोन आला तेव्हा लौटोकात रामकथेचा दुसरा दिवस होता, मांडवात तीनशे माणूस. मिशनवाले म्हणाले, गुरुजी, जा. अच्युतराव म्हणाले, "पोचायला दोन दिवस. तोवर सगळं आटोपलेलं असेल. जाऊन तरी काय?" शरयूबाईंनी तेव्हा हट्ट धरायला पाहिजे होता, पाय आपटायला पाहिजे होते. नाही धरला. त्या दिवशी त्यांनी प्रसादाच्या अडीचशे पुऱ्या लाटल्या. तेराव्यालाही दोघं आली नाहीत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

एवढ्यावरही भागलं असतं. पण बातमी आली त्याच रात्री अच्युतरावांनी सुनेला फोन लावला, घशात खाकरले, अन् तीच चार वाक्यं बोलले. तीच, शब्दाला शब्द, हिंदीत! निदान मराठीत तरी बोलायचं होतं हो. पलीकडून समिधानं सगळं ऐकून घेतलं. "बरं बाबा," म्हणाली अन् फोन ठेवला.

तेव्हापासून ती कामापुरतं बोलायची. आता वर्षभरानं दोघं मदन महलच्या आपल्याच घरी आली, तर तिनं बाहेरची खोली झाडून दिली, धुतलेल्या चादरी घातल्या, "आई, काही लागलं तर सांगा" म्हणाली. हॉटेलात म्हणतात तसं. नात ऋचा हिंदीत "नमस्ते दादी" म्हणून आपल्या खोलीत गेली.

शरयूबाईंना परत जायचं नव्हतं. विमानात बसतानाच त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं, "तुम्ही खुशाल जा, मी सुनेजवळ राहणार." घर आपलं, हक्कानं राहता आलं असतं. पण हक्कानं राहून करायचं काय? समिधानं एकदा तोंडानं "राहा" म्हणावं, एवढीच त्यांची आस होती. परतीचं विमान आठ दिवसांवर आलं होतं अन् ती काही बोलत नव्हती.

घाटावरचं सगळं नीट पार पडलं. अच्युतरावांनी मुलाचे पिंड दिले. बापावर अशी वेळ येऊ नये. डोळ्यांतून धार लागली तरी तोंडातून मंत्रांखेरीज चकार शब्द काढला नाही. घरी येऊन जेवणं झाली, भटजी गेले. अच्युतराव आपल्या खोलीत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडले. दिलेला शब्द त्यांनी पाळला. तेवढं त्यांचं मान्य केलं पाहिजे.

शरयूबाई स्वयंपाकघरात उरलेली खीर छोट्या पातेल्यात काढत होत्या. समिधा ओट्याशी पाठमोरी उभी होती. नळ चालू होता अन् ती भांडी घासत नव्हती.

"आई," ती म्हणाली, "त्या दिवशी सकाळी मी त्यांच्याशी भांडले होते."

शरयूबाईंनी पातेलं खाली ठेवलं.

"पाण्याच्या फिल्टरवरून. चार दिवस मी सांगून राहिले होते, मेकॅनिकला फोन करा म्हणून. मी म्हटलं, तुमच्या भरवशावर राहिलं तर या घरात माणूस तहानेनं मरेल. असंच म्हटलं, आई. ते काही बोलले नाहीत. डबा पण नाही नेला. मी पाहून राहिले होते डबा टेबलावर, अन् मुद्दाम हाक नाही मारली." ती वळली. तिचं तोंड वेडंवाकडं झालं होतं. "हे मी कोणालाच नाही सांगितलं. माझ्या आईला पण नाही."

अन् ती रडायला लागली. खाली बसली, गुडघ्यांत डोकं घातलं अन् मोठ्यानं, लहान पोरीसारखी रडायला लागली. वर्षभराचं साठलेलं होतं ते. शरयूबाई तिच्याशेजारी फरशीवर बसल्या. त्यांचा जीव कळवळला, अन् खोटं कशाला बोला, आतून आनंदही झाला. आपल्याजवळ बोलली! आपल्याजवळ रडली! त्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. काही करायची गरज नव्हती. नुसतं बसायचं होतं.

पण हात पाठीवरून फिरायला लागला अन् हाताबरोबर तोंडही चालू झालं.

"नको ग. देखो बेटी," त्या म्हणाल्या, "जो गया वह अपना समय पूरा करके गया. रोओगी तो उसका रास्ता..."

त्यांनी जीभ चावली, पण उशीर झाला होता. मांडीवरचं डोकं स्थिर झालं. समिधा हळूच उठून बसली. ओढणीच्या टोकानं तिनं आधी एक डोळा पुसला, मग दुसरा, अगदी नीट, शाळेत बाई रागावल्यावर पोरं पुसतात तसे.

"समिधा, अग, ते मी... माझ्या तोंडून कसं..."

"नाही आई. ठीक आहे." तिनं उठून नळ बंद केला. आवाज पुन्हा कामापुरता झाला होता. "तुम्ही पडा थोडं. सकाळपासून उभ्या आहात. मी आवरते."

 काहीतरी आपलं, स्वतःचं, मराठीतलं बोलावं म्हणून शरयूबाईंनी मनात शोधलं. पोटच्या पोराबद्दल त्याच्या बायकोला सांगावं असं काहीतरी असेलच की! पण जे जे ओठांवर आलं ते देवळातलंच आलं. समिधाची तोवर निम्मी भांडी घासून झाली होती.

त्या बाहेरच्या खोलीत आल्या. अच्युतराव जागेच होते, लगबगीनं उठून बसले.

"मी ऐकलं. रडून राहिली होती ना पोरगी? तुझ्याजवळ बोलली ना?"

"बोलली."

"चलो, चांगलं झालं. मी नाही ना काही बोललो?" त्यांचा चेहरा उजळला अन् पुन्हा पडला. "म्हणजे तू थांबतेस. मी एकटाच जातो मग."

"नाही. मी पण येते."

"अग, काहून? आत्ता तर म्हणालीस, बोलली म्हणून."

शरयूबाई पलंगाच्या कडेवर टेकल्या.

"वर्षभरानं पोरीला रडू आलं होतं जी. अन् मी तिला रडू नाही दिलं."