आपण रांगेत सातवे आहात

सूड म्हटलं की लोकांना सुरे आणि विषाच्या बाटल्या आठवतात. मला एक लिफ्ट पुरली. ती बंद पाडायला मी बोटसुद्धा लावलं नाही, ते काम मेकॅनिक ग्रीसभाऊंचं. मी फक्त आमच्या दारात उभी होते, हाताची घडी घालून, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं.

एकोणीस वर्षं मी लिफ्टच्या कंपनीत फोनवर होते. लिफ्टमध्ये कोणी अडकलं की आतलं लाल बटण दाबायचं, घंटी माझ्या टेबलावर वाजायची. मी मेकॅनिकला पाठवायची आणि तो पोचेपर्यंत आतल्या माणसाशी बोलत राहायची. माझ्या आधीच्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "दार उघडल्याचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. जेवण राहिलं तरी चालेल." मी तो नियम एकदाही मोडला नाही. एका बाईला तर मी पाऊण तास तिच्या नणंदेबद्दल बोलतं ठेवलं होतं. दार उघडलं तर म्हणते, "थांबा हो जरा, अर्धीच झालीय."

मग नवे साहेब आले. कोरलेली दाढी, टोकदार बूट, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता फोनकडे बघायचं. त्यांनी मला भिंतींना फोम लावलेल्या एका खोलीत चार दिवस बसवलं आणि वाक्यं वाचायला लावली. नव्या मुलींना शिकवायला हवीत म्हणाले. वर म्हणाले, "तुमच्यासारखा आवाज शोधून सापडणार नाही." झालं! हुरळली मेंढी लागली लांडग्यामागे. "आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे." "आपण रांगेत पहिले आहात", "दुसरे आहात", असं करत पार दहावे. एका वाक्यात 'कृपया' म्हटलं आणि माझा घसा खवखवला, मी खाकरले. पुन्हा घेऊ म्हटलं, तर मशीनवरचा माणूस म्हणाला, "राहू द्या. माणसासारखं वाटतं."

महिनाअखेरीला माझ्या हातात पत्र. नव्या मुली वगैरे कोणी नव्हत्याच. माझ्या टेबलावर एक काळी पेटी आली आणि तिच्यात मी.

हे मी घरी सांगितलं नाही. हा माझा गुन्हा, आणि तो मी नाकारत नाही. पण आप्पांना कुठल्या तोंडाने सांगू? माझे वडील चौतीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढले, तारा जोडल्या. त्यांचा एकच सिद्धांत: तारेवर आवाज आला म्हणजे पलीकडे माणूस आहे. ही नोकरी लागली तेव्हा त्यांनी अख्ख्या इमारतीला सांगितलं होतं, "माझी लेक अडकलेल्यांना सोडवते." त्या माणसाला सांगू, की लेकीलाच सोडून दिलं? मी रोज सकाळी डबा घेऊन निघायची आणि दिवसभर नोकरीसाठी दारं वाजवत फिरायची. दुसरीकडे काम मिळालं की सांगू, असं स्वतःलाच समजावत होते.

तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी, आप्पा खाली बाकावर बसायला निघाले. आमच्या इमारतीची लिफ्टही त्याच कंपनीची, ती मधेच थांबली. ऐंशी वर्षांचा माणूस, पण घाबरला नाही. घाबरेल कशाला, लेक होती ना पलीकडे! त्यांनी लाल बटण दाबलं आणि माझा आवाज आला.

"पोरी, मी आहे गं. आप्पा."

"आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे," मी म्हणाले. "आपण रांगेत सातवे आहात."

एक तास पन्नास मिनिटं. मला हे सगळं ग्रीसभाऊंकडून कळलं. ते कंपनीचे सगळ्यात जुने मेकॅनिक, बाह्यांना कायम ग्रीस, म्हणून हे नाव. वरच्या मजल्यावरच्यांनी काठीचे ठोके ऐकले आणि जुन्या स्टिकरवरचा त्यांचा नंबर फिरवला. ते आले तेव्हा आप्पा पेटीशी बोलत होते. "पोरी, ऐकतेयस ना? पोरी, मला लघवीला लागलीय गं." आणि मी, त्यांची लेक, गोड आवाजात सांगत होते, "धन्यवाद. आपली सूचना नोंदवली आहे."

दार उघडलं तेव्हा आप्पांचं धोतर ओलं होतं. ग्रीसभाऊंनी अंगातला शर्ट काढून त्यांच्या कमरेला बांधला.

मी संध्याकाळी डबा हलवत घरी आले. आप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी पाया पडले, सगळं सांगितलं, नोकरीवरून काढल्याचं पत्र पुढे ठेवलं. ते म्हणाले, "आता कागद दाखवतेस." मी म्हटलं, आप्पा, ती मी नव्हते, ते मशीन होतं. ते म्हणाले, "तू खाकरलीस. यंत्र खाकरतं का?"

त्यानंतर माझ्याशी शब्द नाही. ताट ठेवलं तर जेवायचे, औषध दिलं तर घ्यायचे. लिफ्टच्या आसपास फिरकायचे नाहीत, आणि चार जिने उतरणं काही त्यांच्या गुडघ्यांना जमणारं नव्हतं. तो आवाज त्यांना ऐकवावा तर तेही जमेना, कारण तो लिफ्टमधलं बटण दाबल्याशिवाय येत नाही. बाहेरून फोन केला तर ॲपवर जायला सांगतात. दोन महिने! घरात दोन माणसं आणि बोलायला घड्याळ.

मला एकच गोष्ट हवी होती. त्या साहेबांनी आमच्या घरी येऊन आप्पांना स्वतःच्या तोंडाने सांगायचं, ही तुमची लेक नव्हती, आमचं मशीन होतं. पाच मिनिटांचं काम. मी तीनदा ऑफिसात गेले. जिथे एकोणीस वर्षं मी चावी लावली, तिथे दारात टोकन देणारं यंत्र. तक्रारीचा प्रकार निवडा म्हणे: दिवा, दार, आवाज, इतर. 'वडील' असा काही पर्याय नव्हता. तिसऱ्यांदा मी सरळ केबिनमध्ये घुसले. साहेब फोनकडे बघत म्हणाले, "बाई, मी घरोघर जाऊन म्हाताऱ्यांना समजावत बसू का? ॲपवर टाका ना. आणि इतकं मनाला लावून घेऊ नका." मी घरी पोचायच्या आत मोबाइलवर निरोप: आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. आम्हाला किती तारे द्याल?

तारे! माझ्या डोळ्यांपुढे चमकले तेवढे पुरेत.

त्या दिवशी मी ठरवलं. हा माणूस आमच्या मजल्यावर येणार, आणि बोलणार.

तळमजल्यावरच्या मावशी इमारतीच्या अध्यक्ष. नाकासमोर चालणाऱ्या, पण आप्पांच्या ओल्या धोतराची गोष्ट ऐकली आणि त्यांचं नाकच लाल झालं. त्यांनी कंपनीला पत्र धाडलं: साहेबांनी स्वतः लिफ्टमध्ये बसून खात्री करून सही दिल्याशिवाय देखभालीचा करार पुढे चालू होणार नाही. कराराचं नाव काढल्यावर साहेब तिसऱ्या दिवशी हजर. ग्रीसभाऊ गच्चीवरच्या मशीनखोलीत थांबले. मी त्यांना विचारलं होतं, "भाऊ, तुमची नोकरी?" ते म्हणाले, "ताई, पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय. आणि तो शर्ट अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे."

सकाळी साडेदहाला साहेब खालून एकटेच लिफ्टमध्ये शिरले. चौथ्या मजल्याशी, बरोब्बर आमच्या दारासमोर, लिफ्ट थांबली. दार बंद. आतला पंखा आणि दिवा चालू ठेवायला मीच सांगितलं होतं. मला त्यांचा जीव नको होता, तोंड हवं होतं.

दाराला हातभर उंचीची काचेची पट्टी आहे. तिच्यात आधी दाढी आली, मग डोळे. मी समोर दिसल्यावर ते ओरडले, "अहो बाई! उघडायला सांगा!"

मी बोट दाखवलं. "लाल बटण दाबा, साहेब."

त्यांनी मोबाइल हलवून पाहिला. आमच्या लिफ्टमध्ये मोबाइल लागत नाही, म्हणून तर ते बटण. शेवटी दाबलं.

"आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे," आतून माझा आवाज आला. "आपण रांगेत सातवे आहात. कृपया..." आणि मी खाकरले. "लाइनवर राहा."

"ए! मी मॅनेजर बोलतोय!"

"धन्यवाद. आपली सूचना नोंदवली आहे."

सातव्याचे सहावे काही होईनात. दहा मिनिटांत टाय सैल झाला. पंधराव्या मिनिटाला ते दारावर दोन्ही हातांनी बडवायला लागले, आणि माझ्या मागे काठीचा आवाज आला.

आप्पा. दोन महिन्यांत पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर. कोणीतरी आत अडकलंय आणि दार बडवतंय, एवढंच त्यांना कळलं होतं. ज्या माणसाचा जन्म बंद पडलेल्या लाइनी सुरू करण्यात गेला, तो आत बसून कसा राहील? ते माझ्याकडे न बघता काचेशी गेले.

"आपण रांगेत सातवे आहात," आतून आवाज आला. "कृपया..." खाकरणं. "लाइनवर राहा."

आप्पा दचकले. मागे वळून त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मी ओठ घट्ट मिटले होते.

"कृपया..." खाकरणं. "लाइनवर राहा."

त्यांनी कान दाराला लावला. तिसऱ्यांदा ऐकलं, चौथ्यांदा ऐकलं. त्याच शब्दावर, तेवढंच, तसंच. जुना लाइनमन होता तो. तार तपासतात तसा त्यांनी माझा आवाज तपासला, डोळे मिटून.

आणि तेवढ्यात साहेबांचा बांध फुटला. "अहो बाबा, उघडायला सांगा हो त्यांना! इथे कोणी ऐकतच नाहीये! मशीन आहे ते! बिनडोक मशीन, माणूसबिणूस कोणी नाहीये आत!"

हेच ते पाच मिनिटांचं काम. आणि घरपोच झालं, दारात.

मी हरले नव्हते, जिंकले होते, तरी डोळ्यांतून धारा लागल्या. मला वाटलं आता बास. जिन्यातून वर हाक मारायला गेले, भाऊ, चालू करा. तर आप्पांनी माझा दंड धरला.

"किती वेळ झाला याला?"

"अठरा मिनिटं, आप्पा."

"आणि मला?"

"एक तास पन्नास."

आप्पांनी मान हलवली. घरातलं स्टूल बाहेर ओढून आणलं, काचेसमोर ठेवलं आणि त्यावर ऐसपैस बसले. आतून ठोके चालूच होते. त्यांनी काठीने दारावर एकदा ठोकलं, ठोके थांबले.

"लाइनवर राहा," त्यांनी साहेबांना सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चहा टाक, पोरी."

मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. आप्पांचं, माझं आणि ग्रीसभाऊंचं. तीनच कप.