पुतळ्याची नाडी

"बघा, बघा! माणूस घामाने निथळतोय आणि हृदय कसं तळ्यासारखं शांत!" श्वासगुरू माइकवर ओरडला आणि सभागृह टाळ्यांनी दणाणलं. मंचावर टेलरकाका जागच्या जागी धावत होते. त्यांच्या मनगटावर पांढरा पट्टा होता आणि पट्ट्यावर आकडा होता बहात्तर. पहिल्यापासून बहात्तर, धावून धावून दम लागला तरी बहात्तर! लोक खुर्च्यांवर चढून बघत होते.

हा श्वासगुरू म्हणजे भलताच तयारीचा गडी. पांढराशुभ्र ट्रॅकसूट, आवाजात मध आणि तोंडात सदान्‌कदा ऊर्जा नाहीतर लहरी. त्याचा 'शांतिपट्टा' ठोके नुसते मोजत नाही, त्यांना वळण लावतो म्हणे. वाया गेलेल्या कार्ट्याला लावावं तसं! कसं ते कोणी विचारलंच, तर उत्तर तयार: "प्रश्न विचारला की लहरी तुटतात." झालं, विचारणाऱ्याची बोलती बंद.

पहिल्या रांगेत टेलरकाकू बसल्या होत्या. त्यांचं लक्ष आकड्याकडे नव्हतं, नवऱ्याच्या ओठांकडे होतं. ओठ निळसर पडले होते.

काकांना हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. डॉक्टरीणबाईंनी चालायला सांगितलं होतं, पण बेताने. छातीला बांधायचा एक पट्टाही दिला होता. ठोके मर्यादेबाहेर गेले की तो पिप् पिप् करायचा. जिना चढताना पिप्, कापडाचा तागा उचलताना पिप्. गिऱ्हाइकं हसायची. "छातीवर सासू बसवलीय नुसती!" म्हणत काकांनी तो पट्टा कपाटात कोंबला आणि श्वासगुरूचा चढवला. तो कधी टोकायचाच नाही. आता येत्या रविवारी श्वासगुरू सगळ्या हृदयरुग्णांना एका उंच इमारतीच्या जिन्याने थेट गच्चीपर्यंत पळवणार होता. काकांचं नाव सगळ्यांच्या आधी.

दुकानात काका कोटाला अस्तर लावत होते. पट्ट्याची कडी सारखी रेशमात अडकत होती. वैतागून त्यांनी पट्टा काढला आणि शेजारच्या पुतळ्याच्या हातात अडकवला. ही त्यांची जन्माची खोड. टेप असो, चष्मा असो, अंगावरचं काढलं की पुतळ्यावर. काकू समोर बसून काजं करत होत्या. त्यांनी मान वर केली आणि सुई बोटात घुसली.

"अहो! पुतळ्याला नाडी आहे! बहात्तर!"

काकांनी पाहिलं. कापूस भरलेला हात, वर बहात्तर. क्षणभर गडबडले, मग म्हणाले, "गुरू सांगतात ना, घालणाऱ्याची शांती त्यात मुरलेली असते. थोडा वेळ राहते."

"अत्तर आहे का ते, मुरायला? आणि थोडा वेळ म्हणजे किती?"

दिवे लागले तरी पुतळ्याचं हृदय ठणठणीत. काका मात्र उसळले, "तुला मी जन्मभर आजारीच हवाय! माझं बरं झालेलं बघवत नाही तुला!" काकूंना इतकं लागलं की त्या उठून आत गेल्या आणि पदरात तोंड खुपसून रडल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका झोपलेले पाहून त्यांनी पट्टा उचलला आणि दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी मागचं झाकण उघडलं.

"खऱ्या यंत्रात दिवा कातडीवर उजेड पाडतो आणि शेजारचा डोळा परत आलेला उजेड बघतो. रक्ताची लाट येते-जाते तसा तो उजेड कमीजास्त होतो, त्यावरून ठोके मोजतात. इथे दिवा आहे, डोळाच नाही. आकडा आधीच भरून ठेवलाय."

"मग मनगटाचं दुसरं चांगलं घेऊ का?"

"हात जोरात हलला की चांगलंही चुकू शकतं. यांच्यासाठी छातीचाच पट्टा बरा. आणि आकडा काही म्हणो, दुखलं की थांबायचं."

काकूंनी घरी येऊन सगळं सांगितलं. काकांनी कूस बदलली.

रविवारी काकू जिन्याच्या पायथ्याशी काखेत पुतळ्याचा उसवून काढलेला हात घेऊन हजर झाल्या. लोक हसले. काकूंनी टेबलावरचा एक कोराकरकरीत पट्टा उचलला, कापसाच्या मनगटाला बांधला आणि उंच धरला. बहात्तर! हसू थांबलं.

श्वासगुरू कसला बधतोय! "माई, कापसातही चैतन्य असतं!"

"मग त्या कापसाला चढवा की जिना! माझा नवरा कशाला हवा?"

"शंका हेच हृदयाचं विष! चला, आरोहण!"

आणि काकांनी खरंच पायरीवर पाय ठेवला. काकूंनी हातातलं टाकून त्यांचा दंड धरला. "अहो, माझ्याकडे बघा. छातीत काय होतंय?"

सवयीने काकांची नजर आधी मनगटावर गेली. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"दुखतंय गं. आठवडाभर दुखतंय. पट्टा शांत म्हणायचा. मला वाटलं, माझ्या छातीचंच काहीतरी चुकतंय."

गर्दीतली एक बाई हळूच म्हणाली, "मलाही गरगरतंय," आणि मटकन खाली बसली. मग एकेक जण मनगटावरचा पट्टा सोडायला लागला. रुग्णवाहिका येईपर्यंत श्वासगुरूने गाशा गुंडाळला होता.

काका वाचले. पण हृदयाचा आणखी थोडा भाग कायमचा गेला, आणि तो कुठल्याही लहरींनी परत यायचा नाही. बाबांनो, यंत्र जरूर घ्या, पण विकणाऱ्याला आधी विचारा, हे मोजतं कसं? विचारल्याने बिघडणारी गोष्ट अंगाला लावू नका. आणि छातीत दुखायला लागलं, तर मनगटावर काय लिहिलंय ते वाचत उभे राहू नका. खाली बसा आणि शेजारच्या माणसाला मोठ्याने सांगा, की मला दुखतंय.